शपथ मोडली तर पुढे काय होतं?

राज्याचा मंत्री कामाला लागण्याआधी राज्यपालांसमोर दोन शपथा घेतो, एक पदाची आणि दुसरी गोपनीयतेची. संविधानाच्या अनुच्छेद १६४(३) नं हे बंधनकारक केलं आहे. शपथेचा मजकूर तिसऱ्या अनुसूचीत ठरवून दिलेला आहे. ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घ्यायची की ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करायचं, एवढीच निवड मंत्र्याच्या हाती असते.

पदाच्या शपथेत संविधानावरची निष्ठा आहे. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता राखण्याचं वचन आहे; ते १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनं आलं. पण रोजच्या कारभारात कसोटी लागते ती शेवटच्या वचनाची. कुणाला न भिता, कुणाविषयी ममत्व किंवा आकस न बाळगता, सर्वांना संविधान आणि कायद्यानुसार न्याय्य वागणूक देईन, असं मंत्री तिथे सांगतो. म्हणजे जावई आणि अनोळखी माणूस या दोघांच्या अर्जांना त्याच्या टेबलावर सारखंच वजन हवं.

हे वचन मोडलं तर? आमदार शपथ न घेताच सभागृहात बसला किंवा त्यानं मतदान केलं, तर अनुच्छेद १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड आहे. घेतलेली शपथ मोडली, तर त्यासाठी वेगळा दंड संविधानात कुठेही नाही. केरळमधले मंत्री आर. बालकृष्ण पिल्लै यांच्या एका भाषणावरून हा प्रश्न तिथल्या उच्च न्यायालयात गेला होता. शपथभंग ही निवडणूक कायद्यातल्यासारखी अपात्रता नव्हे, मंत्र्याला ठेवायचं की काढायचं हे नेमणूक करणाऱ्यांनी पाहावं, असं न्यायालयानं म्हटलं. मंत्र्यांची नेमणूक होते मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं. मग प्रश्न खुद्द मुख्यमंत्र्यांचाच असेल तेव्हा उरतं विधानसभेतलं बहुमत, आणि व्यवहारात त्यांचा पक्ष.

पुण्यात नेमकं असंच घडलं. एरंडवण्यात प्रभात रोडवरचा एक भूखंड विकास आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी राखलेला होता. मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना ते आरक्षण उठवलं गेलं आणि तिथे त्यांच्या जावयाच्या बांधकाम संस्थेनं इमारत उभी केली. १९९८ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जोशींनी जानेवारी १९९९ मध्ये पक्षप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या आदेशावरून पद सोडलं, त्याच वर्षी ते केंद्रात मंत्री झाले आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष. प्रकरण न्यायालयात प्रलंबित होतं, पण नवी शपथ घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती.

न्यायालयानं शपथभंगाचा खटला चालवला नाही. त्यानं नगररचनेच्या फाइली वाचल्या: आरक्षण उठवायला महापालिकेचा आधी विरोध होता का, मंत्रालयातून कोणती पत्रं आली, कुणाच्या टिपणीनंतर भूमिका बदलली. मार्च १९९९ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मुख्यमंत्र्यांनी अधिकाराचा गैरवापर केल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. १९९८ मध्ये पहिलीत जाऊ शकलं असतं ते मूल तोवर कॉलेजात पोहोचलं होतं. त्या परिसरातल्या मुलांचं हे नुकसान कोणत्याच निकालानं भरून निघणारं नव्हतं, आणि मला या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत जास्त खुपतं.

मात्र निकालाचा आधार काय होता, हे पाहण्यासारखं आहे. राज्यपालांसमोरचं वचन पुढे फाइलीच्या समासात पाळलं किंवा मोडलं जातं. प्रतिकूल शेरा लिहिणारा अधिकारी म्हणूनच महत्त्वाचा. त्याचं अक्षर पुढे न्यायालयात बोलतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं या टिपण्या आता सामान्य नागरिकालाही मागता येतात. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं. आपल्या वॉर्डातल्या शाळेच्या, बागेच्या, दवाखान्याच्या राखीव भूखंडांची यादी विकास आराखड्यात असते. एखादं आरक्षण बदलायचं असेल, तर नगररचना कायद्यातल्या कलम ३७ खाली आधी जाहीर सूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात. हरकत साध्या कागदावर लिहून, सही करून, मुदतीत द्यायची आणि पोच घ्यायची.