कात्रजच्या मशाली आणि विकिपीडियाच्या तळटीपा

५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात शिरून शाहिस्तेखानावर छापा घातला. खानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला आणि महाराज निसटले. पुढचा भाग पुण्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ठेवले होते, इशारत होताच ते पेटले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडी पोहोचले. कुणी कुणाला चकवलं की 'कात्रजचा घाट दाखवला' असं आपण आजही म्हणतो ते यावरूनच.

ही गोष्ट इंटरनेटवर शोधली तर पानामागून पान मिळतं. मजकूर जवळपास तोच, कधी बैलांऐवजी झाडांवर मशाली, कधी दोन्ही. इतके जण सांगतात म्हणजे खरंच असणार, असं वाटायला लागतं. पण इतक्या जणांना ती सांगितली कुणी, हे त्यातल्या फारच थोड्या पानांवर सापडतं.

शोध उलट्या दिशेने घेऊ. छाप्यानंतर अवघ्या आठवड्याने, १२ एप्रिल १६६३ रोजी, राजापूरहून फिलिप गिफर्ड या इंग्रज व्यापाऱ्याने लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये छापलेल्या इंग्रजी कागदपत्रांच्या संग्रहात ते कुणालाही वाचता येतं. महाराजांनी राजापूरला आपल्या रावजी या अधिकाऱ्याला स्वतः लिहून कळवलेली हकिकत गिफर्ड त्यात सांगतो: निवडक ४०० माणसं, खान जखमी, आपल्या बाजूची सहा माणसं पडली, चाळीस जखमी झाली. मशालींचा उल्लेख नाही. उलट मोगलांचा सरदार जसवंतसिंह दहा हजार घोडदळ घेऊन जागचा हलला नाही, पाठलाग झालाच नाही, असं पत्र म्हणतं. ज्या गोष्टीत मोगल उजेडामागे धावतात, तिच्याशी हे वाक्य सरळसरळ भिडतं.

आता १८२६ सालचा ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास. त्यात मशाली आहेत. पण तिथे त्या परतणाऱ्या माणसांनीच तीन-चार मैलांवर पेटवल्या आणि मोगल छावणीच्या डोळ्यांदेखत ते सिंहगड चढले, असं वर्णन आहे. म्हणजे मशाली आल्या, पण त्या सिंहगडाच्या वाटेवर. कात्रजचे बैल तिथेही नाहीत.

म्हणून कात्रजची गोष्ट खोटी ठरते का? नाही. गिफर्डचं पत्र हा एका पत्राचा इंग्रजी गोषवारा आहे. त्यातलं मौन हा पुरावा नव्हे, आणि आकडे तर पाठवणाऱ्याच्या सोयीचेही असू शकतात. मात्र कोणती बाब कुठल्या साली, कुणाच्या लेखणीतून आली हे कळलं की कशावर किती भार टाकायचा ते ठरवता येतं. माहितीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न मुळात इथे सुटतो, आणि सर्वांना संपादनासाठी खुल्या असलेल्या पानालाही हीच कसोटी लावली पाहिजे. पान कोणी लिहिलं यापेक्षा ते आपल्याला मागे कुठवर नेतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

विकिपीडियाची रचना या कामाला अनुकूल आहे, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. प्रत्येक लेखाला 'इतिहास' आहे. कोणतं वाक्य कोणत्या तारखेला आलं, कुणी काढलं, कुणी परत आणलं, सगळं तिथे दिसतं. शेजारी 'चर्चा' असते. बिनआधाराच्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असा शिक्का मारता येतो. मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं आणि भरवसा त्या नावावर व संपादक मंडळावर उभा राहतो. विकिपीडियात तो पूर्णपणे तळटिपांवर उभा आहे. त्यामुळे तळटीप उघडायची आणि तिथे खरोखर तेच लिहिलं आहे का ते पाहायचं. एवढे कष्ट घेणारा वाचक दुर्मीळ.

या नियमांना एक बोचरी बाजूही आहे. 'मूळ संशोधन नको' हे विकिपीडियाचं धोरण आहे. गिफर्डचं पत्र वाचून मी वर जी तुलना केली, ती तिथे लिहिता येणार नाही; ती एखाद्या इतिहासकाराने छापलेली असावी लागेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या नळाचे उसासे, म्हणजे हवा खेळती ठेवणारे दगडी मनोरे, एखाद्या रहिवाशाने रोज पाहिले असतील. पण 'मी पाहिलं' हा तिथे आधार नाही. अन्याय वाटतो. पण ही अट काढली तर पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा आजोबा साक्षीला उभा राहील, म्हणून मी या नियमाच्या बाजूने आहे.

खरा धोका वेगळा आहे. विकिपीडियावरचं निराधार वाक्य वर्तमानपत्र उचलतं, मग तेच कात्रण त्या वाक्याखाली संदर्भ म्हणून लागतं. वर्तुळ पूर्ण. २०१२ साली ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांच्या आचरणाची चौकशी करणाऱ्या लेव्हसन अहवालात 'द इंडिपेंडंट'च्या संस्थापकांमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका तरुणाचं नाव छापलं गेलं. कुणीतरी खोडसाळपणे विकिपीडियात घातलेलं नाव थेट न्यायमूर्तींच्या अहवालात पोहोचलं होतं.

'नेचर'ने २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतले विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. सरासरी चुका विकिपीडियात चार, ब्रिटानिकात तीन. हा निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लावू नये. तो इंग्रजीतल्या हजारो नजरांचा परिणाम आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, पण एकेका पानावर पहारा ठेवणारे मोजकेच. लहान भाषेचं काय होऊ शकतं ते स्कॉट्स विकिपीडियाने दाखवलं. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने तिथे हजारो लेख लिहिल्याचं २०२० मध्ये उघड झालं, तोवर वर्षानुवर्षं कुणी हटकलं नव्हतं.

आणि नजर पडते ती कधी? फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या विकिपीडियावरच्या मजकुरावरून संताप उसळला, तेव्हा पोलिसांच्या महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. मजकूर क्लेशकारक होता, यात वाद नाही. पण एखादा संदर्भ कच्चा असेल तर तो कच्चा का, हे चर्चापानावर साधार मांडायला अभ्यासक लागतात. पोलीस ठाण्यात ते काम होत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था ज्या शहरात १९१० पासून आहे, तिथून अशी माणसं पुढे यावीत असं मनापासून वाटतं.

गाजलेल्या विषयांना निदान वाचक तरी असतात. कात्रजच्या आसपासची भिलारेवाडी, मांगडेवाडी, कोळेवाडी, जांभूळवाडी पाहा. अशा गावांच्या ऑनलाइन माहितीचा आधार बहुधा २०११ ची जनगणना असतो. आकडा चुकीचा नसतो, संदर्भही पक्का असतो. पण ३० जून २०२१ रोजी ही गावं पुणे महापालिकेत आली आणि ग्रामपंचायती संपल्या. तरी जुनी ओळख सांगणारा मजकूर कुणी बदलेपर्यंत तसाच राहतो. तो बदलायला इतिहासकार लागत नाही. शासनाची अधिसूचना संदर्भ म्हणून जोडायची आणि दोन ओळी दुरुस्त करायच्या. गावातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला हे एका दुपारी जमेल.