औषधाचं बिऱ्हाड पेशीच्या पाठीवर

बिरसाहून नागपूर गाठायचं तर आधी बैहर, मग बालाघाट, पुढे गोंदिया. स्तनाच्या कर्करोगासाठी माझी मावशी दर तीन आठवड्यांनी हा रस्ता तुडवायची. शिरेतून लालभडक डॉक्सोरुबिसिन उतरायचं. दुसऱ्या दिवशी लघवीही लाल आणि काही दिवसांनी उशीवर केसांचे पुंजके. ती विचारायची, "दुखणं छातीत, मग औषध अंगभर कशाला रे?"

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही छळत आला आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या, म्हणून झिरपणाऱ्या असतात. मोठे रेणू त्यांतून पाझरून गाठीत साठतात, हे 1986 मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं. त्यानंतर मेदाच्या सूक्ष्म कुप्यांत डॉक्सोरुबिसिन भरलेलं 'डॉक्सिल' 1995 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हृदयावरचा मारा त्यामुळे कमी झाला. पण यकृत आणि प्लीहा असे परके कण रक्तातून गाळून काढतात. 2016 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांचे प्रयोग पडताळले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी जेमतेम 0.7 टक्के गाठीपर्यंत पोहोचतात असं दिसलं.

मग कण एकटे धाडण्याऐवजी शरीराच्याच पेशींवर लादले तर? या वाटेवरचं मोठं नाव समीर मित्रगोत्री. माटुंग्याच्या यूडीसीटीतून 1992 मध्ये रसायन अभियांत्रिकीची पदवी, एमआयटीत पीएचडी आणि आता हार्वर्डला प्राध्यापक.

पहिला हमाल म्हणजे रक्तातली तांबडी पेशी. ती सात-आठ मायक्रॉनची. शंभर नॅनोमीटरचे सत्तरेक कण तिच्यावर एका रांगेत मावतील. फुप्फुसातल्या केशवाहिन्या इतक्या चिंचोळ्या, की पेशीला अंग चोरूनच पुढे सरकावं लागतं. त्या घासाघाशीत पाठीवरचे कण सुटतात आणि तिथेच अडकतात. मित्रगोत्रींच्या चमूने डॉक्सोरुबिसिनचे कण असे लादून उंदरांच्या फुप्फुसात पसरलेल्या कर्करोगावर वापरले. औषध नेमकं तिथे साठलं आणि उंदीर जास्त जगले.

दुसरा हमाल म्हणजे मॅक्रोफेज, परकं दिसेल ते गिळणारी पांढरी पेशी. ती गाठीत आपणहून शिरते, पण गाठ तिला फितवते आणि स्वतःच्या वाढीसाठी राबवून घेते. म्हणून याच चमूने तिच्या पाठीवर गॅमा इंटरफेरॉन या तिला लढायला चेतवणाऱ्या औषधाची पिशवी चिकटवली. ती तिने गिळू नये यासाठी सारी करामत आकारात आहे. गोल कण मॅक्रोफेज सहज गिळते. चपटी चकती मात्र तिला आवरत नाही. पाठीवरच्या या पिशवीतून औषध झिरपत राहिलं आणि पेशी पाच दिवसांपर्यंत गाठीविरुद्ध लढत राहिली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उंदरांमधल्या स्तनाच्या गाठींची वाढ मंदावली.

पेशीलाच औषध बनवण्याचा मार्ग तर महाराष्ट्रात रुग्णांपर्यंत आला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेली 'नेक्सकार19' ही कार-टी उपचारपद्धती एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देशाला अर्पण झाली. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं, अशी तिची रीत. मात्र ती रक्ताच्या काही कर्करोगांपुरती आहे. घट्ट गाठींत शिरणं या पेशींनाही जड जातं.

पिशवीवाल्या पेशींचे प्रयोग अजून प्राण्यांवरचे आहेत. त्यांची वाट पाहत कुणी आजची किमो टाळू नये. स्तनात गाठ हाताला लागली तर लाजून घरात बसू नये, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

मावशीने सगळी चक्रं पुरी केली. औषध अंगभर फिरलं, तेव्हा गाठीपर्यंतही पोहोचलं. पुढच्या मावशीला एवढी किंमत मोजावी लागू नये, एवढ्यासाठीच ही सारी धडपड.