‘अस्तु’ पाहताना रडू कुणासाठी येतं?



तिरोड्यात नाटका-सिनेमातल्या रडण्यावर व्याख्यान द्यायचं, म्हणजे माहेरच्यांना माहेरची वाट सांगण्यासारखं आहे. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया भरतात आणि आपल्या झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं चालतात. मध्यरात्र उलटून गेलेली असते. कुठल्या तरी प्रवेशात मुलगा नाहीतर सून म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढते. मग सगळा मंडप रडतो. बायका पदर डोळ्याला लावतात, बाप्ये उगाच खाकरतात. सकाळी तेच लोक चहाच्या टपरीवर हसत सांगतात, "काल लय रडवलं बा!" आणि पुढच्या गावचं नाटक कधी आहे ते विचारतात.

हे रडणं आपल्या चांगलं ओळखीचं आहे. आज आपण बोलणार आहोत ते दुसऱ्या एका रडण्याबद्दल. ते पाहणाऱ्याला सकाळी असं मोकळेपणानं सांगता येत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो तयार झाला २०१३ साली, पण चित्रपटगृहांत यायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते, संवादांसाठी सुमित्रा भावे यांना आणि सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना. गोष्ट साधी आहे. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना अल्झायमर झालेला आहे. मुलगी इरा त्यांना गाडीतून घेऊन जाते. वाटेत ती कामासाठी उतरते, वडील गाडीतच बसून राहतात. रस्त्यावरून एक हत्ती जातो. लहान मूल जावं तसे शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात. इरा परत येते तेव्हा गाडीत कोणी नसतं.

मग शोध सुरू होतो आणि मधेमधे जुने दिवस दिसत राहतात. तिकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला सांभाळते, खाऊ-पिऊ घालते. तो तिला आई समजू लागतो.

शास्त्रींचं काम डॉ. मोहन आगाशे यांनी केलंय. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यामुळे या आजाराचं चालणं-बघणं त्यांनी पेशंटांमध्ये पाहिलेलं आहे. पडद्यावरचा माणूस कुठेही ‘वेडा’ वाटत नाही. सुमित्राबाई तर सिनेमात येण्याआधी समाजकार्य शिकवत होत्या. स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’ याच जोडीचा. सुमित्राबाई २०२१ साली गेल्या.

आम्ही हा चित्रपट वेगवेगळ्या लोकांबरोबर बसून पाहिला आहे आणि नंतर बोलणं ऐकलं आहे. दिवे लागले तरी लोक लगेच उठत नाहीत. आणि बोलू लागले की पहिला विषय बहुतेक वेळा शास्त्री नसतात. पहिला विषय इरा असते. "तिनं त्यांना गाडीत एकटं सोडलंच कसं?" हा प्रश्न जवळपास दर वेळी येतो, आणि आवाज चढवून येतो. एकदा एका बाईंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "मी रोज सोडते. बाहेरून कडी लावते. घरामागून रेल्वे जाते. काय करू?" त्यानंतर खोलीत कोणी काही बोललं नाही.

आमचं म्हणणं असं, की ‘अस्तु’चा खरा घाव या जागी बसतो. थोडं उलगडून सांगतो.

झाडीपट्टीच्या त्या प्रवेशात, किंवा ‘नटसम्राट’मध्ये, बापाची दशा कुणामुळे झाली ते आपल्याला ठाऊक असतं. सून कजाग आहे, मुलगा बायकोच्या ताब्यात आहे. दुःखाच्या बरोबरीनं राग येतो, आणि त्या रागाला समोर माणूस असतो. आपण मनात त्याला चार शिव्या देतो, रडतो, हलके होतो. शिवाय एक समाधान मिळतं, की आपण काही तसले नाही. ‘अस्तु’मध्ये कोणी खलनायकच नाही. इरा वाईट मुलगी नाही. ती दमलेली आहे, चिडते, पुन्हा प्रेम करते. राग धरायला जागा शोधत शोधत प्रेक्षक तिच्यावर येतो, आणि तिच्या चेहऱ्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. काल आपणच आईवर ओरडलो होतो, "किती वेळा सांगू? आताच तर जेवलीस!"

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या गोष्टीचा फार बारीक विचार केलेला आहे. करुण रसाचा स्थायीभाव शोक. पण खरा शोक तर कुणालाच नको असतो, मग नाटकातला शोक आपण पैसे मोजून का बघतो? भट्टनायकानं याला उत्तर दिलं साधारणीकरणाचं. म्हणजे रंगमंचावरचं दुःख ना त्या पात्राचं एकट्याचं राहतं, ना माझं एकट्याचं. ते सगळ्यांचं होतं, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. त्याच्यानंतर अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यातलं एक असं, की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असतो. ज्याच्या घरी कालच मयत झाली तो नाटकातल्या मरणाचा रस कसा घेणार? गाणं, वाद्यं, सजवलेला मंडप ही सगळी व्यवस्था माणसाला त्याच्या घरच्या विवंचनेतून बाहेर काढण्यासाठी आहे, असं त्याचं सांगणं.

आता ज्याच्या घरी डिमेन्शियाचा पेशंट आहे तो ‘अस्तु’ बघतो तेव्हा हे विघ्न पहिल्या दहा मिनिटांतच येऊन बसतं. त्याच्यासाठी पडद्यावर शास्त्री उरत नाहीत, त्याचा बाप येतो. शास्त्राच्या हिशेबानं त्याला रस मिळत नाही. मिळतं ते दुसरंच काही तरी, आणि आम्हाला ते रसापेक्षा कमी मोलाचं वाटत नाही. त्याला पहिल्यांदा कळतं, की हे फक्त आपल्या घरी घडत नाही.

अशा घरातलं दुःख विचित्र असतं. माणूस समोर खाटेवर बसलेला आहे, जेवतो आहे, पण तो आपल्याला ओळखत नाही. गेला म्हणावं तर आहे, आणि आहे म्हणावं तर गेला आहे. मेलेल्यासाठी आपल्याकडे दहावं आहे, तेरावं आहे, सांत्वनाला येणारे लोक आहेत. जिवंत माणूस हरवला तर कोण भेटायला येणार? पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा शेवट नसलेल्या वियोगावर आयुष्यभर काम केलं. युद्धात बेपत्ता झालेल्यांची कुटुंबं आणि स्मृती गेलेल्यांची कुटुंबं त्यांना एकाच प्रकारच्या दुःखात अडकलेली दिसली. आमच्या मते सिनेमागृहाचा अंधार ही या लोकांना मिळालेली पहिली सांत्वनाची बैठक असते. तिथं रडलं तर कारण सांगावं लागत नाही.

सगळेच रडतात असंही नाही हं. काही जण हसतात. शास्त्री लहान मुलासारखा हट्ट करतात तेव्हा मागून हसू ऐकू येतं, आणि त्यात काही वाईट नाही, कारण तो प्रसंग गोडही आहे. पण त्या हसण्याला भाषेचाही हातभार आहे. आपल्याकडे या आजाराला जे शब्द आहेत ते सगळे चेष्टेचे. ‘साठी बुद्धी नाठी’. ‘म्हातारचळ’. ‘सटकलाय म्हातारा’. दहा-पंधरा वर्षांपूर्वी विकलेल्या बांधीकडे आजोबा पहाटे निघतात, "रोवणी आली, बाया लावायच्या हायेत" म्हणतात, आणि पोरं हसतात. आजार आहे हेच कुणाला माहीत नसतं. आणि हे दोन-चार घरांपुरतं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे. म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त.

आता एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात झालेला हा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. अल्झायमरचे १७ पेशंट आणि तेवढेच निरोगी लोक घेतले. सगळ्यांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी अशा सिनेमांचे तुकडे दाखवले, प्रत्येक वेळी साधारण वीस मिनिटं. थोड्या वेळानं विचारलं, काय पाहिलंत? पेशंटांना फारच थोडं आठवत होतं. पण मनाची अवस्था विचारली तर दुःखी सिनेमानंतर ते दुःखीच होते, आनंदी सिनेमानंतर आनंदी. अर्ध्या तासापर्यंत तो भाव टिकून होता. आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख उलट जास्त टिकलं.

याचं कारण ढोबळपणे असं. नवी आठवण साठवायला मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो, आणि अल्झायमरचा घाव बहुधा आधी तिथं पडतो. भावना उठणं आणि टिकणं हे सगळं त्याच्यावर अवलंबून नाही. म्हणून आई विसरेल की तुम्ही सकाळी तिच्यावर ओरडलात. पण दुपारी ती कोपऱ्यात रडवेली बसलेली असेल आणि का ते तिला सांगता येणार नाही. तसंच तुम्ही तास-दीड तास तिच्याजवळ बसून जुन्या गोष्टी केल्यात, तर भेट विसरली जाईल, बरं वाटणं काही वेळ राहील. "तिला कुठं आठवतंय, जाऊन काय उपयोग?" असं दूर राहणारी मुलं म्हणतात, त्यांनी हा प्रयोग जरूर ध्यानात घ्यावा.

चन्नम्मा नेमकं हेच करते. तिनं असले प्रयोग वाचलेले नाहीत. म्हातारा आई म्हणतो, तर ती आई होते. "मी तुमची आई नाही," असं सांगून त्याला दुरुस्त करत बसत नाही. इराला बाबा पूर्वीचे होते तसे हवे आहेत. चन्नम्माला पूर्वीचे शास्त्री माहीतच नाहीत, म्हणून समोर आहे तो माणूस तिला सहज स्वीकारता येतो. मुलांना हे इतकं सोपं नसतं. चन्नम्माकडे बघून इराला दोष देणाऱ्यांना आम्ही नेहमी आठवण करून देतो, की चन्नम्मानं एक दिवस केलं, इरा रोज करते.

दुसऱ्या तऱ्हेचा सिनेमा पाहायचा तर ‘द फादर’ पाहा. फ्लोरियन झेलर यांनी स्वतःच्याच नाटकावरून तो २०२० साली केला आणि अँथनी हॉपकिन्सना त्यासाठी वयाच्या ८३ व्या वर्षी ऑस्कर मिळालं. ‘अस्तु’ आपल्याला मुलीच्या बाजूला बसवतो, हा आपल्याला बापाच्या डोक्यात बसवतो. घरातलं सामान बदलतं, मुलगी वेगळ्याच चेहऱ्यानं समोर येते, आणि प्रेक्षकच गोंधळतो, की मघाशी काय पाहिलं? इथं रडू उशिरा येतं, आधी भीती वाटते. "उद्या मलाच झालं तर?" हा प्रश्न ‘अस्तु’नंतर क्वचित ऐकू येतो, ‘द फादर’नंतर हमखास.

रडून झाल्यावर काय, तेही बोलायला हवं. विसरायला लागलं की लगेच अल्झायमर समजू नका. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांनीही माणूस विसरभोळा होतो, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून आधी तपासणी. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं जाता येतं. सांभाळणाऱ्याचं मन थकलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. आणि घरात चार माणसं असतील तर आळीपाळी लावा. बहुतेक घरांत हे सगळं एका सुनेवर किंवा एका मुलीवर पडतं, आणि सिनेमा बघून सर्वांत मोठ्यानं रडणारा भाऊ पुण्याला राहत असतो.

मघाशी सुरू होण्यापूर्वी एका दादांनी विचारलं होतं, की बाबा रोज संध्याकाळी "माझी माय कुठं हाय?" म्हणतात, काय सांगायचं? ती जाऊन चाळीस वर्षं झाली. दर वेळी ‘ती मेली’ सांगितलं तर ते दर वेळी नव्यानं रडतात. दादा, सांगू नका. तुम्हीच विचारा, "माय कशी होती हो बाबा? भाकर कशी करायची?" ते सांगत बसतील. बहुतेक वेळा त्यांना माय आणून द्यायची नसते, तिच्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं असतं.

आता प्रश्न घेऊ. मागच्या ओळीतल्या काकूंचा हात केव्हापासून वर आहे. हां, बोला काकू.