टेपलेस कॅमकॉर्डर म्हणजे काय? कॅसेट गेली, मग ‘ओरिजिनल’ कुठे राहिलं?

मोबाइलवर व्हिडिओ काढला की तो लगेच गॅलरीत दिसतो. पण वीस वर्षांपूर्वी प्रोफेशनल शूटिंगमध्ये हे इतकं सोपं नव्हतं. टेपलेस, म्हणजे कॅसेट नसलेले एचडी कॅमकॉर्डर आले आणि काम बदललं. सोबत एक नवा धोकाही आला, जो आज तुमच्या मोबाइललाही लागू आहे. चला, समजून घेऊया.

कॅसेटच्या काळात काय व्हायचं?

मिनीडीव्ही कॅसेटवर साधारण एक तासाचं शूटिंग मावायचं. एडिटिंगसाठी ती कॅमेऱ्यात प्ले करून कॉम्प्युटरवर ‘कॅप्चर’ करावी लागे. तासाभराच्या कॅसेटला पूर्ण एक तास! म्हणजे लग्नाच्या पाच कॅसेट असतील तर पाच तास त्यातच गेले. पण एक फायदा होता. काम झाल्यावर कॅसेट कपाटात राहायची. कॉम्प्युटर बिघडला तरी मूळ शूटिंग सुरक्षित.

मग कार्ड आलं

पॅनासॉनिकने २००५ मध्ये एजी-एचव्हीएक्स२०० आणला. त्यात पी२ नावाच्या कार्डवर एचडी शूटिंग व्हायचं. पण मिनिटाला जवळपास १ जीबी जागा लागायची, म्हणजे ८ जीबीचं कार्ड ८ मिनिटांत फुल्ल!

२००७ मध्ये सोनीचा पीएमडब्ल्यू-ईएक्स१ आला. यात कॅसेटला जागाच नव्हती, कार्डचे दोन स्लॉट होते. एक कार्ड भरलं की रेकॉर्डिंग आपोआप दुसऱ्यावर सुरू राहायचं. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी अर्ध्या इंचाचे तीन वेगळे सेन्सरही होते.

जागेचा हिशोब कसा करायचा?

ईएक्स१ चा सर्वात चांगल्या क्वालिटीचा वेग सेकंदाला ३५ मेगाबिट. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून ८ ने भागा: सेकंदाला साधारण ४.४ एमबी. मिनिटाला २६० एमबी आणि तासाला जवळपास १६ जीबी. तुमच्या मोबाइलच्या व्हिडिओचा बिटरेट माहीत असेल, तर हाच हिशोब तिथेही चालतो.

खरा धोका कुठे आहे?

ही कार्डं महाग होती. त्यामुळे शूटिंग कॉपी करायचं, कार्ड फॉरमॅट करायचं आणि पुन्हा वापरायचं, अशी पद्धत पडली. पण फॉरमॅट केलं की ‘ओरिजिनल’ संपलं! आता जी कॉपी आहे तीच सर्वस्व. म्हणून काही नियम ठरले:

१. फक्त व्हिडिओ फाइल नाही, कार्डवरचं पूर्ण फोल्डर कॉपी करा. ईएक्स१ मध्ये मोठी क्लिप ४ जीबीच्या आसपास तुटून अनेक फाइल्समध्ये साठते. ते तुकडे जोडण्याची माहिती त्याच फोल्डरमध्ये असते.

२. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी ठेवा.

३. कॉपी झालेल्या क्लिप्स उघडून बघा, मगच कार्ड फॉरमॅट करा.

मोबाइलवर काय करायचं?

मोबाइल म्हणजे कार्ड आतच बसवलेला टेपलेस कॅमेरा. तो हरवला की सगळं गेलं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला व्हिडिओ सहसा दाबून लहान केलेला असतो, त्याला बॅकअप समजू नका. क्लाउड सिंक चालू असेल तर फोनमधून डिलीट केलेलं तिकडूनही उडू शकतं. म्हणून महत्त्वाचे व्हिडिओ पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवरही ठेवा. ‘स्टोरेज फुल्ल’ दिसल्यावर डिलीट दाबण्याआधी एकदा विचारा: याची दुसरी कॉपी कुठे आहे?