मिशनऱ्यांचा चैत्र

फाल्गुन सरत आला की नगरच्या माळावरचं ऊन बदलतं. सकाळी नऊलाच ते अंगाला बोचू लागतं, विहिरींचं पाणी खाली जातं, दुपारी माणसं दारं लोटून घेतात. अमेरिकन मराठी मिशनची माणसं याच सुमाराला आपापल्या ठाण्यावर परतलेली असत. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने दौऱ्याचे. बैलगाडी, तंबू, पुस्तकांची पेटी आणि गावोगाव मुक्काम, असा तो क्रम असे. पावसाळा शाळांचा आणि लिहिण्या-छापण्याचा. मधल्या चैत्र-वैशाखाचं काय करायचं, हे मात्र या परक्या मुलखातून आलेल्या माणसांना लवकर उमगलं नाही. उमगेपर्यंत त्यांनी त्याची मोठी किंमत मोजली.

गॉर्डन हॉल यांचं उदाहरण सर्वांत आधी येतं. सॅम्युएल नॉट यांच्याबरोबर ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात तिथूनच धरतात. तेरा वर्षांनी, मार्च १८२६ मध्ये, ऐन उन्हाच्या तोंडावर ते नाशिककडे निघाले. बायको-मुलांना त्यांनी आदल्या वर्षीच अमेरिकेला पाठवलं होतं. नाशिकला पोचले तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधं आणि पुस्तकं संपेपर्यंत ती वाटून ते मुंबईच्या वाटेला लागले, आणि वाटेतल्या एका देवळात मुक्काम असताना त्यांनाच पटकीनं गाठलं. २० मार्चला ते गेले. वय एक्केचाळीस.

उन्हाळ्यात थंड हवेला जावं, तर तेव्हा महाबळेश्वरला गोऱ्यांची वस्ती नव्हती. लॉडविक हा अधिकारी त्या कड्यावर चढून गेला त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढे १८२७ मध्ये जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर झाले, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी १८२९ मध्ये करार झाला आणि डोंगरावर माल्कमपेठ उभी राहिली. आजारी सैनिक व अधिकारी यांच्यासाठी वसवलेल्या या पेठेत मिशनरीही लवकरच पोचले. १८१८ साली मुंबईत आलेले आणि बायबलच्या मराठी भाषांतरावर खपलेले अॅलन ग्रेव्ह्ज प्रकृतीपायी महाबळेश्वरला येऊन राहिले आणि १८४३ मध्ये तिथेच वारले. म्हणजे मिशनऱ्यांची महाबळेश्वरशी पहिली ओळख झाली ती दुखणाईत म्हणून. सहल नंतर आली.

मिशनऱ्यांबद्दल आपण लिहितो-बोलतो ते शाळा, छापखाने, दुष्काळातलं काम आणि धर्मांतरं यांबद्दल. ते योग्यच आहे. १८२७ च्या अखेरीस एकटी मुंबईत येऊन मुलींच्या शाळा चालवणारी आणि १८६२ मध्ये नगरला मरेपर्यंत ते काम न सोडणारी सिंथिया फॅरार विसरून कसं चालेल? पण या लोकांच्या सुट्टीचा हिशेब कुणी मांडत नाही, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. शिकवायचं, पटवून द्यायचं ओझं महिना-दीड महिना खाली ठेवून ते ज्या पायवाटांनी हिंडले, तिथेच त्यांना हा मुलूख सर्वांत खरा दिसला, असं माझं मत आहे. त्यातून जे कागदावर उतरलं ते आजही आपल्या उपयोगाचं आहे.

वसंताची त्यांची कल्पना घरून आलेली होती. न्यू इंग्लंडमधला वसंत म्हणजे बर्फ वितळणं, ओली माती, उघड्याबोडक्या फांद्यांना कोवळी पानं आणि मग फुलं. इथे सगळं उलट. फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर पानं झाडून टाकतात आणि जमीन तापून भेगाळत असताना फुलतात. पानं आड येत नसल्यानं लाल-केशरी फुलं लांबून दिसतात. मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर मधासाठी झुंबड करतात आणि त्यांच्या डोक्याला लागून परागकण या झाडावरून त्या झाडावर जातात. फुलांनंतर शेंगा आणि बोंडं पिकायला पावसाच्या आधीचे आठवडे मिळतात. बी जमिनीवर पडतं आणि मृगाच्या सरींनी रुजतं. कडक उन्हातल्या या बहरामागे झाडाचं असं गणित असतं.

सह्याद्रीच्या माथ्यावरचा वसंत आणखी वेगळा. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. वर जांभ्याचा थर, खाली काळा कातळ. पावसाळ्यात मुरलेलं पाणी जांभा धरून ठेवतो आणि ऐन वैशाखातही झऱ्यांवाटे सोडत राहतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांची उगमस्थानं इथे मानली जातात ती काही उगाच नाही. त्यामुळे खालचा मुलूख करपलेला असताना वरचं रान हिरवं असतं. अंजनीच्या खोडाला आणि फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस येतात, जांभळीला मोहर येतो, जाळ्यांत करवंदं धरतात. पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर माणसानं वाजवल्यासारखी लांबलचक शीळ घालू लागतो. नगरहून खडखडत आलेल्या कुटुंबाला हे कसं वाटलं असेल याची कल्पना पसरणीचा घाट चढून पाचगणीत पहिला गार वारा घेतलेल्या कुणालाही करता येईल.

त्या मुक्कामाची दिनचर्या साधी असे. सकाळी लांबवर चालणं, दुपारी पत्रं आणि वाचन, संध्याकाळी एखाद्या कड्यावर सगळ्यांनी मिळून जाणं. निरनिराळ्या मिशनांची माणसं एरवी वर्षभर भेटत नसत. इथे त्यांच्या प्रार्थना, सभा आणि मुलांचे खेळ एकत्र होत. नव्यानं आलेल्यांना मराठीचे धडेही डोंगरावरच मिळत. जूनच्या आत मात्र सगळ्यांना खाली उतरावं लागे, कारण पाऊस लागला की घरं गवताच्या तट्ट्यांनी झाकून माथा जवळजवळ रिकामा होई.

या पायी हिंडणाऱ्यांमध्ये मला सर्वांत जवळचे वाटतात ते सॅम्युएल बेकन फेअरबँक. जन्म १८२२ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला. १८४६ मध्ये ते इथे आले आणि पुढे नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याला त्यांचं ठाणं झालं. प्रवचन, शाळा, शेतकऱ्यांशी शेतीच्या गप्पा हे त्यांचं रोजचं काम. पण सुट्टी लागली की त्यांचं लक्ष पाखरांकडे, गोगलगायींकडे, झाडांकडे वळे. नगरच्या आसपासच्या आणि खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव अशा सह्याद्रीच्या कडेच्या पक्ष्यांची त्यांनी तयार केलेली यादी १८७६ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. त्याचे संपादक अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच.

त्या काळी पक्ष्याची खात्रीची ओळख पटवायची तर तो बंदुकीनं टिपावा लागे. कातडं सोलून, चोच-पंख-शेपूट मोजून, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवावी लागे. दुर्बिणी घेऊन फिरणाऱ्या आपल्या पिढीला ते वाचवत नाही. तरीही त्या नोंदींमुळे नगरचं कोरडं पठार आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरचं ओलं रान यांतला पाखरांचा फरक कागदावर आला. माळावर धाविक आणि माळढोक, कड्यावर कस्तूर आणि शिंजीर. एकाच माणसानं दोन्हीकडे हिंडून, दोन्हीकडचे पक्षी हाताळून केलेल्या यादीचं मोल वेगळंच असतं.

फेअरबँक दक्षिणेत पळणीच्या डोंगरांतही गेले होते. तिथलं कोडाईकनाल मदुराईच्या अमेरिकन मिशननं १८४५ मध्ये वसवलं, आणि तेही मरणाच्या भीतीनं. मैदानी उन्हाळ्यात आणि साथींत त्यांनी दहा वर्षांत किती सहकारी आणि किती तान्ही मुलं गमावली होती. पहिली दोन घरं वर उभी राहिली ती मुलाबाळांना जगवायला म्हणून. तळं, शाळा आणि पर्यटन हे सगळं नंतरचं. तिथल्या रानात फेअरबँकना मिळालेल्या एका पक्ष्याचं वर्णन विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द घातला. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाजवळच्या मोजक्या डोंगरांवर राहणारा तो हसरा, गोंगाटी पक्षी आजही वडाळ्याच्या पाद्रीबुवांचं नाव वागवतो.

एक गोष्ट मात्र मला टोचते. ही रानं या मंडळींना दाखवली कुणी? कुठल्या ओढ्यावर कुठलं पाखरू येतं, कुठल्या झाडाची साल कशाला लागते, हे धनगर, कातकरी, कोळी, धावड यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सामान वाहणारे, वाट दाखवणारे, जाळं लावणारे हात यादीत कुठेच दिसत नाहीत. त्या काळच्या बहुतेक सगळ्या संग्राहकांबद्दल हे म्हणावं लागतं, आणि म्हणून ते वारंवार म्हणत राहिलं पाहिजे.

काही मिशनरी हिंडताना लेणीही पाहत; ते पाहणं वेगळ्या जातीचं होतं. स्कॉटिश जॉन विल्सन पत्नी मार्गारेटसह १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत आले आणि मराठी शिकायला कोकणात हर्णैकडे गेले. पुढे ते आयुष्यभर हिंडले. लेण्यांची पाहणी करण्यासाठी १८४८ मध्ये नेमलेल्या समितीचे ते प्रमुख होते आणि पश्चिम भारतातल्या लेण्यांवरचा त्यांचा विस्तृत निबंध १८५० मध्ये निघाला. त्यांच्या नजरेत वादाची धार कायम होती. मूर्तीसमोर उभं राहूनही ते मनात खंडन करत असत. त्यांचे समकालीन जॉन स्टीव्हन्सन यांनी नाशिक, कान्हेरीचे शिलालेख वाचायचा प्रयत्न केला, त्यात चुकाही पुष्कळ झाल्या. पाखरं बघताना वाद घालावा लागत नाही, म्हणून असेल, फेअरबँकची यादी मला अधिक निर्मळ वाटते.

विसाव्या शतकात फेअरबँकची ही वाट जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी पुढे नेली. स्वित्झर्लंडचे एथलबर्ट ब्लॅटर १९०३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आले आणि पाचगणीच्या वनस्पतींवर १९०९ मध्येच त्यांनी लिहिलं. डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं देखण्या भारतीय वृक्षांवरचं पुस्तक १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी निघालं. पांगारा, बहावा, गुलमोहर कोणत्या महिन्यात कुठे बहरतात हे त्यात प्रेमानं सांगितलं आहे. कॉलेजातला वनस्पतिसंग्रह आज त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

स्पेनहून १९२८ मध्ये आलेले हेर्मेनेगिल्ड सांतापाऊ त्यांच्याही पुढे गेले. खंडाळ्याला जेझुइटांचं विश्रामाचं घर होतं. सांतापाऊंनी विसाव्याची जागा हीच कामाची जागा केली. घाटाचे कडे, दऱ्या, रेल्वेलगतचे उतार ते ऋतूमागून ऋतू तुडवत राहिले आणि खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. मग १९४४ ते १९५६ या काळात पुरंदर किल्ल्यावर गोळा केलेल्या वनस्पतींवरचा ग्रंथ. फूल कधी येतं, फळ कधी धरतं, झाड किल्ल्याच्या कोणत्या बाजूला उगवतं, अशा नोंदी करायला एकाच डोंगरावर पुन्हा पुन्हा जावं लागतं. ते भारतीय नागरिक झाले, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले, १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सामान्य वाचकासाठी त्यांनी झाडांवर लिहिलेलं छोटं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं.

या याद्या आज जुन्या झाल्या, नावं बदलली, वर्गीकरण बदललं. पण त्यांतलं ठिकाण आणि महिना जुना होत नाही. नगरच्या माळावरून माळढोक जवळजवळ नाहीसा झाला आहे. खंडाळ्याच्या ज्या उतारांवर सांतापाऊ वाकून रोपं तपासत होते तिथून द्रुतगती मार्ग जातो. पुरंदरचा माथा मात्र अजून पुष्कळसा तसाच आहे. पुण्याच्या आणि साताऱ्याच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येत्या चैत्रात सांतापाऊंचा ग्रंथ बरोबर घेऊन किल्ल्याला एक फेरी घालावी, आणि त्यात लिहिलेली कोणती झाडं त्याच उतारावर, त्याच महिन्यात फुललेली सापडतात याच्या खुणा करत जावं. दीड-दोन वर्षं सगळ्या ऋतूंत हे काम केलं तर सत्तर-ऐंशी वर्षांत त्या डोंगराचं काय झालं, हे नेमकं सांगता येईल.