‘पाठवले’ आणि ‘पोहोचले’

मी कवितेचा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. तरीही आज ई-मेलविषयी बोलणार आहे, कारण न पोहोचलेल्या ई-मेलमुळे माझ्या हातून एका कवयित्रीचा अपमान झाला.

जालन्यात आम्ही काही मित्रांनी कविसंमेलन ठरवले. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा इथल्या नवोदितांसाठी संकेतस्थळावर अर्ज ठेवला. नाव, ई-मेलचा पत्ता आणि कविता भरून बटण दाबले, की ‘आपली कविता मिळाली’ अशी ओळ दिसे. आमच्याकडे मात्र मोजक्याच कविता आल्या. लोकांना उत्साह नाही, असे म्हणून आम्ही संमेलन उरकले. पुढे महिन्याभराने मंठ्याच्या एका शिक्षिकेचा फोन आला. “सर, कविता आवडली नाही, तर तसे कळवायचे तरी!” मी विचारले, “कोणती कविता?” त्या गप्पच झाल्या.

अर्जामागची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी, माझ्या भाच्याने पीएचपी भाषेत लिहिली होती. तो म्हणाला, “मामू, स्क्रिप्ट तर ‘हो, पाठवले’ म्हणते.” आम्ही दोघे शोधायला बसलो. घोटाळा त्या ‘हो’मध्येच होता. पीएचपीचा ‘मेल’ हा आदेश पत्र फक्त त्याच संगणकावरच्या टपाल-प्रोग्रामच्या हाती देतो. त्याने पत्र घेतले, की उत्तर ‘हो’. पत्र पेटीत पडले एवढाच त्याचा अर्थ. पत्त्यावर पोहोचले असा नव्हे.

खरा प्रवास पुढे सुरू होतो. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते ‘एसएमटीपी’ या नियमांनी. जॉन पोस्टेल यांनी ते 1982 साली लिहून काढले. एक सर्व्हर आधी ‘हेलो’ म्हणतो, मग कोणाकडून, कोणाला, ते सांगतो. समोरच्याने 250 आकडा दिला तर पत्र स्वीकारले. 550 दिला तर नाकारले. या नियमांत मूळची एक उणीव होती. पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे कोणी विचारतच नसे. त्याचा फायदा भामट्यांनी घेतला. म्हणून पुढे ‘एसपीएफ’ आणि ‘डीकेआयएम’ या तपासण्या आल्या. पहिलीत संस्था जाहीर करते, की आमच्या नावाने याच सर्व्हरवरून पत्रे निघतील. दुसरीत पत्रावर संगणकी मोहोर असते. 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी याबाबतचे नियम आणखी कडक केले.

आमची चूक इथेच होती. उत्तर देणे सोपे जावे म्हणून भाच्याने ‘प्रेषक’ या जागी कवीचाच पत्ता घातला होता. पत्र निघे आमच्या सर्व्हरवरून आणि नाव असे याहूचे किंवा जीमेलचे. स्वीकारणाऱ्याला ते बनावट वाटले. काही पत्रे स्पॅममध्ये गेली आणि तीस दिवसांनी आपोआप पुसली गेली. काही नाकारली जाऊन परत आली, ती सर्व्हरवरच्या अशा खात्यात, जे आम्ही कधी उघडलेच नव्हते.

उपाय छोटा निघाला. प्रेषक म्हणून संस्थेचा पत्ता, कवीचा पत्ता ‘उत्तर यांना द्या’ या रकान्यात, आणि पासवर्ड देऊन अधिकृत एसएमटीपीमार्फत पाठवणी. मुख्य म्हणजे कविता आधी आमच्याच नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये जमा होते; ई-मेल त्यानंतर जातो. नोंद झाली नाही, तर तसे स्पष्ट सांगितले जाते.

परत आलेल्या पत्रांत त्या शिक्षिकेची कविताही सापडली. पावसाअभावी वाळलेल्या मोसंबीच्या बागेवरची. मी फोन करून माफी मागितली आणि कविता त्यांच्याच तोंडून ऐकली. ती संमेलनात हवी होती.

आता आमच्या अर्जावर ‘मिळाली’ असे लिहिलेले नाही. ‘आपली कविता नोंदवली आहे. आठ दिवसांत उत्तर न आल्यास फोन करा,’ असे लिहिले आहे. खाली माझा नंबर आहे.