मासे खाणाऱ्या घरातली दुसरी चूल

बंगाली माणूस म्हटला की मासे आणि रसगुल्ले, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. 1974 साली यजमानांची बदली कलकत्त्यास झाली तेव्हा माझ्या आईने मेतकुटाचा भला मोठा डबा बांधून दिला. शाकाहारी पोरीचे त्या मुलखात कसे निभणार, ही तिची काळजी! तो डबा वर्षभर पुरला, कारण तो उघडायची वेळच फारशी आली नाही.

भवानीपुरातल्या एका जुन्या घरात आमचे बिऱ्हाड होते. वरच्या मजल्यावर घरमालक, त्यांची पत्नी (त्यांना मी मासिमा म्हणे), तीन मुले आणि मालकांच्या वृद्ध आई. त्यांना सारे घर ठाकुमा म्हणे. मालक रोज सकाळी पिशवी घेऊन स्वतः जदुबाबूच्या बाजारात जात आणि कल्ले उचकटून पाहिल्याशिवाय मासा घेत नसत. बाजार करणे हे तिथे पुरुषाचे काम, आणि ते त्याला मानाचे वाटते!

पण त्या घरात चुली दोन होत्या. एक मोठ्या स्वैपाकघरात, माशांची. दुसरी गच्चीलगतच्या चिंचोळ्या खोलीत, ठाकुमांची. त्यांची कढई वेगळी, पाटा-वरवंटा वेगळा, ‘बोटी’सुद्धा वेगळी. बोटी म्हणजे आपल्या विळीची सख्खी बहीण. तीही पायाखाली दाबून बसायचे आणि उभ्या पात्यावर भाजी चिरायची. मासे चिरलेल्या बोटीचा वारासुद्धा ठाकुमांच्या भाजीला चालत नसे.

ठाकुमा 1926 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या. मूल कडेवर दोन वर्षांचे. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला होता, त्याला तेव्हा 70 वर्षे उलटली होती. पण तो कायदा त्यांच्या घराचा जिना काही चढला नाही. पांढरे लुगडे आले आणि ताटातून मासे गेले. मटण, अंडी, कांदा, लसूण आणि मसुरीची डाळही गेली. मसुरीने काय पाप केले होते कोण जाणे, पण ती तिकडे आमिषात धरतात. भात दिवसातून एकदाच. एकादशीला पाण्याचा थेंबही नाही. आपल्याकडच्या आलवण नेसलेल्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यापुढे सांगायला नको.

जिथे माशावाचून जेवण म्हणजे जेवणच नव्हे, तिथे एकोणीस वर्षांच्या मुलीने राहिलेल्या जिनसांतून पुढची 50 वर्षे काढायची. मग ती दुधीची सालसुद्धा फेकत नाही. ठाकुमा ती साल बारीक चिरून, कलौंजीची फोडणी देऊन, वर खसखस भुरभुरून अशी कुरकुरीत परतत की दुधीची भाजी मागे राही. खसखस पाट्यावर वाटून बटाट्यात किंवा दोडक्यात घातली की ‘पोस्तो’. हरभऱ्याची डाळ वाटून, थापून, वड्या पाडून तळायच्या आणि आले-हिंगाच्या रश्श्यात सोडायच्या. तिचे नाव ‘धोकार डालना’. धोका म्हणजे फसवणूकच! केळफूल तर आपणही करतो, पण एकेका फुलातला ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढत, हाताला तेल लावून दोन-दोन तास बसण्याची ठाकुमांची चिकाटी मी दुसरीकडे पाहिली नाही.

आणि शुक्तो! कारले, कच्चे केळे, रताळे, वांगे, शेवग्याची शेंग आणि डाळीच्या वाळवलेल्या वड्या, शेवटी थोडे दूध. ही कडवट भाजी पहिल्या भाताबरोबर खायची. आपल्या ताटात डावे-उजवे सारे एकदम वाढतात; तिथे कडूपासून सुरुवात, मग डाळ, भाज्या, मासे, चटणी, आणि शेवटी गोड. एकेक पदार्थ आपला मान घेऊन येतो.

गंमत अशी की मासे खाणारी ती तिन्ही नातवंडे दुपारी ठाकुमांच्या उंबऱ्याशी वाट्या घेऊन उभी राहत. रवींद्रनाथांच्या पुतणी प्रज्ञासुंदरी देवी यांनी ‘आमिष ओ निरामिष आहार’ असा पाकग्रंथच लिहिला आहे. या निरामिष रांधपाचे कौतुक सारा बंगाल करतो. ते कौतुक ऐकताना मला मात्र नेहमी ती चिंचोळी खोली आठवते. अशी सुगरण घडवायला एवढी किंमत पडत असेल, तर दुधीची साल गाईला घातलेली बरी!

‘निरामिष’ शब्दाची एक मौज सांगते. आपली दिवाळीची अमावास्या ती तिकडची कालीपूजा. त्या रात्री बळीच्या बोकडाचे मटण कांदा-लसणावाचून शिजवतात, आणि त्याला म्हणतात ‘निरामिष मांस’! देवीला चालते ते विधवेला चालत नाही. आदल्या दिवशी, आपल्या नरकचतुर्दशीला, चौदा तऱ्हांच्या पालेभाज्या एकत्र करतात आणि चौदा दिवे लावतात. तेवढे मात्र ठाकुमांच्या चुलीवर होई.

1979 साली घरमालक अचानक गेले. बंगाल्यांत श्राद्ध उरकल्यावर ‘नियमभंग’ असतो. त्या दिवशी सुतक संपवून सारे नातलग पुन्हा मासे खातात. फक्त जिचा नवरा गेला, तिने त्या दिवसापासून ते कायमचे सोडायचे. आम्हालाही बोलावणे होते. पंगत बसली. मासिमा पांढरे लुगडे नेसून दाराआड उभ्या होत्या. ठाकुमा उठल्या, सुनेला हाताला धरून पानावर बसवले, आणि मोठ्या चुलीवरच्या पातेल्यात पळी घालून रोहूचा तुकडा स्वतः तिला वाढला. 53 वर्षांत त्या पातेल्याला त्यांचा हात लागला नव्हता. बायकांत कुजबुज झाली. एक चुलत नणंद मोठ्याने म्हणाली, “काकीमा, हे काय?” ठाकुमांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

“बौमा,” त्या सुनेला म्हणाल्या, “काटे बघून खा.”

मासिमांनी एक घास घेतला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला. मग थोरल्या मुलीने आपले पान सरकवले आणि ती आईला चिकटून बसली.

ठाकुमा तेवढे पाहून गच्चीकडे गेल्या. स्नान केले, आपली शेगडी पेटवली आणि दुपारी तीनला कच्च्या केळ्याची भाजी व भात जेवल्या. स्वतः त्यांनी मासा पुढेही कधी खाल्ला नाही. मासिमांनी एकदा आग्रह केला तेव्हा हसून म्हणाल्या, “आता त्याची चवच आठवत नाही, बौमा. तू वाटण वाट.”